यादी करणाऱ्याचं काम

प्रश्न : मी सांख्यिकी घेऊन एम.एस्सी. करते आहे. आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. परवा कॉलेजात एक पाहुण्या आल्या होत्या. युद्ध, पूर, दुष्काळ, निर्वासितांच्या छावण्या अशा ठिकाणी मदत पोचवायला डेटा आणि एआय कसं वापरतात, आणि ते जबाबदारीनं वापरायचं म्हणजे काय, यावर त्या बोलल्या. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही. दादा म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे नाहीतर आयटीत जा, समाजसेवेचं पुढे बघू. अशी नोकरी खरंच असते का? त्यात माणूस दिवसभर काय करतो? आणि सांख्यिकी शिकलेल्या मुलीचा तिथे उपयोग काय?
(एक वाचक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : तुमच्या गावापासूनच सुरुवात करू. 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पूर्णपणे नव्या जागी हलवायचं ठरलं. कुणाला केवढं घर मिळणार याचा नियम होता. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400, त्याच्या वर 750. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा, कुणाला तरी हे आकडे आठवत असतील. माणसं दहा पण जमीन नाही, तर घर लहान. माणसं तीन आणि जमीन वीस एकर, तर घर मोठं. शेतकऱ्याच्या घरात धान्य, अवजारं, बैलं यांनाही जागा लागते, असं या नियमाच्या बाजूनं म्हणता येईल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सातबारा हा डेटा होता आणि हा नियम म्हणजे अल्गोरिदम होता. त्याला संगणक लागला नाही. जमिनीचा रकाना ज्यांनी निवडला, त्यांनी एखादं कुटुंब पुढची तीस वर्षं किती जागेत अंग टाकणार हेही ठरवून टाकलं.

आता रकाने वाढले आहेत. उपग्रहातून दिसणारं छप्पर, मोबाइलवरून केलेले कॉल, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं, हे सगळं यादीत येतं. इतक्या रकान्यांचा मेळ हातानं बसत नाही, म्हणून मशिन लर्निंग आलं. त्यात जबाबदारीचं काम कुणाचं? रकाना निवडतानाच जो विचारतो की हा चुकला तर कुणाचं ताट रिकामं राहील, आणि ही यादी उद्या कुणाच्या हाती पडेल, त्याचं.

तर हो, अशी नोकरी असते. संयुक्त राष्ट्रांत मदतकार्याचा समन्वय करणारं ओचा नावाचं कार्यालय आहे. त्यांनी 2014 मध्ये एचडीएक्स हे सगळ्यांना खुलं असलेलं डेटाचं भांडार सुरू केलं आणि 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या हेग शहरात मानवतावादी डेटासाठी वेगळं केंद्र उघडलं. रेड क्रॉस, जागतिक अन्न कार्यक्रम, निर्वासितांसाठीची यूएनएचसीआर, युनिसेफ आणि शेकडो लहानमोठ्या स्वयंसेवी संस्थांत ही माणसं असतात. पदांची नावं अशी : इन्फर्मेशन मॅनेजमेंट ऑफिसर, जीआयएस ऑफिसर, डेटा प्रोटेक्शन ऑफिसर, डेटा सायंटिस्ट.

दिवसभर काय करतात? एखाद्या पुरानंतरचा सहावा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी पाच संस्थांकडून पाच एक्सेल फाइली आलेल्या. एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. एका संस्थेनं कुटुंबं मोजली, दुसरीनं माणसं. 'ताडपत्री 400' असं लिहिलंय, पण त्या वाटल्या की गोदामात आल्या, याचा पत्ता नाही. दुपारच्या बैठकीआधी या पाच फाइलींची एक फाइल करायची, तिच्यावरून नकाशा काढायचा आणि कोणत्या गावात अजून कुणीच पोचलं नाही ते दाखवायचं. नकाशावरची ती पांढरी जागा दाखवणं हे या कामातलं सगळ्यात मोलाचं. दुपारनंतर नव्या सर्वेक्षणाची प्रश्नावली येते. चौसष्ट प्रश्न. त्यातले चाळीस काढून टाकायचे, कारण त्यांच्या उत्तरानं वाटपात काहीच फरक पडणार नाही, आणि घर वाहून गेलेल्या बाईला तासभर बसवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. संध्याकाळी एखादा देणगीदार किंवा स्थानिक अधिकारी म्हणतो, "लाभार्थ्यांची नावानिशी यादी पाठवा." तेव्हा नम्रपणे, लेखी, कारण देऊन सांगायचं, की आकडे देतो, नावं देता येणार नाहीत. हा नकार देता येणं हे या कामातलं खरं कौशल्य आहे. कोडिंग त्याच्यानंतर येतं.

एआयनं काही भलं होतं का, असंही तुमच्या मनात आलं असेल. होतं. गुगलनं पुराचा अंदाज देण्याचं काम 2018 मध्ये पाटण्यापासून सुरू केलं. पण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोचं उदाहरण. 2020 च्या एप्रिलमध्ये, कोविडची टाळेबंदी असताना, तिथल्या सरकारनं 'नोव्हिसी' नावाची योजना आणली. गरिबांच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवायचे. पण गरीब कोण? त्यांची यादीच देशात नव्हती. मग पुढच्या टप्प्यात गिव्हडायरेक्टली ही संस्था आणि संशोधक मदतीला आले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशातले सगळ्यात गरीब 100 विभाग शोधले, आणि मोबाइलच्या वापराच्या नोंदींवरून त्या विभागांतली गरीब माणसं. 2022 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात याचा हिशेब छापून आला. फक्त विभाग पाहून वाटप केलं असतं तर जितके गरजू सुटले असते, त्यापेक्षा या पद्धतीत 4 ते 21 टक्के कमी सुटले. आता त्याच लेखातली दुसरी ओळ वाचा. देशात घरोघरची पक्की सामाजिक नोंदवही असती, तर तिच्या तुलनेत याच पद्धतीत 9 ते 35 टक्के जास्त गरजू सुटले असते. आणि ज्याच्याकडे मोबाइलच नाही तो या हिशेबात आधीपासूनच नाही. यंत्र चांगलं की वाईट, या वादात शिरूच नका. कशाच्या तुलनेत चांगलं, आणि सुटला कोण, असं विचारत जा. सांख्यिकी शिकलेल्या माणसाला हा प्रश्न सवयीनं सुचतो. तुमच्या तिसऱ्या शंकेचं अर्धं उत्तर हेच.

उरलेलं अर्धं उत्तर बांगलादेशात आहे. 2017 च्या ऑगस्टनंतर म्यानमारमधून सात लाखांहून जास्त रोहिंग्या सीमा ओलांडून कॉक्स बझारच्या टेकड्यांवर आले. 2018 च्या जूनमध्ये बांगलादेश सरकार आणि यूएनएचसीआर यांनी मिळून त्यांची नोंदणी सुरू केली. ठसे घेतले, फोटो काढले आणि स्मार्ट कार्ड दिलं. शिधा हवा तर कार्ड हवं. 2021 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेनं एक अहवाल काढला. बांगलादेशानं किमान 8 लाख 30 हजार रोहिंग्यांची नावं आणि माहिती म्यानमार सरकारकडे पाठवली, कोण परत यायला पात्र हे ठरवण्यासाठी, असं त्यात होतं. ज्यांच्या भीतीनं पळून आले, त्यांच्याच टेबलावर यादी. संस्थेनं 24 निर्वासितांशी बोलून पाहिलं. माहिती याही कामासाठी वापरली जाईल असं आपल्याला सांगितलं होतं, असं त्यांतल्या एकानंच सांगितलं. नोंदणीनंतर हातात पडलेल्या पावतीवर म्यानमारला माहिती द्यायला हरकत नाही अशा चौकटीत खूण होती. ती पावती फक्त इंग्रजीत होती. आपण लोकांना नीट समजावून सांगितलं आणि त्यांची परवानगी घेतली, अशी यूएनएचसीआरची बाजू आहे.

मी इथे जरा थांबते आहे, कारण माझ्या मते या क्षेत्राचा सगळा अभ्यास त्या एका पावतीत आहे. रांगेत उभ्या असलेल्या, पोराला काखेत घेतलेल्या बाईला तुम्ही विचारता, "तुमची माहिती दिली तर चालेल का?" मागे तांदळाची पोती दिसताहेत. ती 'नाही' म्हणेल? अशा संमतीला संमती म्हणायचं का? तुम्ही तिच्या भाषेत विचारलं नाही, मग कुणाला विचारलंत? रोहिंग्या भाषा बोलणाऱ्यांपैकी फार थोडे ती वाचतात. तिथे छापील पावती काय कामाची, तोंडीच सांगावं लागतं, दोनदा सांगावं लागतं. आपल्याकडे मराठी कागदावर अंगठा उठवून घेतलेल्या कितीक आदिवासी बायांना मराठीही परकीच होती, हे विसरायला नको.

म्हणून यादीच करू नये का? तसंही नाही. 1914 मध्ये जिनिव्हात रेड क्रॉसनं युद्धकैद्यांसाठी एक एजन्सी काढली. कोणता सैनिक कुठल्या छावणीत आहे याची लाखो कार्डं तिथे हातानं लिहिली गेली, आणि आपला मुलगा जिवंत आहे हे घरोघर कळलं ते त्या कार्डांमुळे. गांधीजींचं चरित्र पुढे ज्यांनी लिहिलं ते रोमँ रोलाँ तिथे स्वयंसेवक म्हणून पत्रांना उत्तरं देत बसत. हेच काम रेड क्रॉस आजही करते. आणि 2022 च्या जानेवारीत उघड झालं, की या कामाच्याच संगणकांत कुणीतरी शिरलं आहे. जगभरातल्या 60 राष्ट्रीय संस्थांकडून आलेली, 5 लाख 15 हजारांहून जास्त लोकांची माहिती त्यात होती. हरवलेली माणसं, ताटातूट झालेली कुटुंबं, कैदी. घुसखोर आदल्या नोव्हेंबरमध्येच आत आले होते, एका प्रणालीत सुरक्षेची एक दुरुस्ती टाकायची राहिली होती तिथून. ज्यांनी या विषयाची पुस्तिका लिहून जगाला दिली, त्यांच्याच घरी हे झालं. याच संस्थेचा 2019 चा एक नियम मात्र मला फार शहाणपणाचा वाटतो. मदतवाटपासाठी ठसा घ्यावाच लागला, तर तो लाभार्थ्याच्या कार्डावर राहील, संस्थेच्या संगणकात जाणार नाही. जे आपल्याकडे नाही ते कुणी चोरू शकत नाही, आणि कुणी बंदूक दाखवून मागूही शकत नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. तुमच्या शेजारच्या तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाच्या प्रणालीनं वेगवेगळ्या सरकारी याद्यांतली नावं एकमेकांशी जुळवली. नाव जुळलं, माणूस दुसराच निघाला. ज्यानं आयुष्यात गाडी घेतली नाही त्याच्या नावावर चारचाकी दिसली आणि रेशनकार्ड रद्द झालं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष जाऊन पुन्हा पडताळणी करा. प्रत्यक्ष जाऊन म्हणजे तलाठी पूर्वी करत असे तेच.

आता निव्वळ तुमच्या विषयातलं एक उदाहरण देते. एका सर्वेक्षणाच्या फाइलमधून नाव, आधार, फोन काढून टाकले. उरलं ते असं : स्त्री, वय 71, विधवा, घरात एकटी, उजवा हात निकामी, अमुक वस्ती. नाव नाही, म्हणून फाइल सुरक्षित झाली? तुमच्या गावात ही ओळ वाचून दाखवली तर पारावरचं पोरसुद्धा त्या आजीचं नाव सांगेल. त्या फाइलमध्ये पुढे 'नवऱ्यानं मारहाण केली का' किंवा 'घरातला कुणी बंडखोरांत गेला का' असा रकाना असेल तर काय होईल, ते तुम्हीच पाहा. यावर उपाय करण्याचं शास्त्र म्हणजे तुमच्याच विषयाची एक शाखा. वयाऐवजी वयोगट द्यायचा, वस्तीऐवजी तालुका, ज्या ओळी फारच वेगळ्या दिसतात त्या झाकायच्या, आणि एवढं करून माणूस ओळखू येण्याची शक्यता किती उरली ते मोजायचं. आर या भाषेत त्यासाठी एसडीसीमायक्रो नावाचं मोफत पॅकेज आहे. पण जास्त झाकलं तर कोणत्या वस्तीत चाकाची खुर्ची पाठवायची तेच कळेनासं होतं. किती झाकायचं आणि किती ठेवायचं हे कुठल्याच पॅकेजला ठरवता येत नाही, तिथे गाव माहीत असलेला सांख्यिकीतज्ज्ञ लागतो. आणि कधीकधी एकाही माणसाचं नाव नसलेली फाइलही घातक ठरते. सीरियात रुग्णालयांवर हल्ले होऊ नयेत म्हणून त्यांची ठिकाणं लढणाऱ्या पक्षांना कळवली होती. त्या यादीतल्या रुग्णालयांवर बॉम्ब पडले, आणि 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांना चौकशी मंडळ नेमावं लागलं.

तयारीचं थोडक्यात सांगते. आर किंवा पायथन, नकाशांसाठी क्यूजीआयएस, आणि फोनवर सर्वेक्षण करण्याचं कोबो टूलबॉक्स, तिन्ही फुकट मिळतात आणि तिन्ही रोज लागतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाची स्वतंत्र शाखा आहे, लोकसंख्याशास्त्रासाठी देवनारची आयआयपीएस आहे. कुणालाही भर घालता येणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर आजच खातं उघडा. 2010 च्या हैतीतल्या भूकंपानंतर घरी बसलेल्या स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सच्या गल्ल्या नकाशावर आणल्या, आणि बचाव पथकांनी तेच नकाशे वापरले. तुम्ही आपल्या तालुक्यातल्या वाड्या-तांडे टाकायला घ्या. एक परदेशी भाषा शिका. आफ्रिकेतल्या बऱ्याच कामांना फ्रेंच लागते. आणि ओचाची 2021 ची डेटा जबाबदारीविषयीची मार्गदर्शक तत्त्वं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, ती लहान आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिली दोन वर्षं गावोगाव काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत काढा, जिथे तुम्हाला स्वतः प्रश्नावली घेऊन दारोदार जावं लागेल. ज्यानं कधी दारात उभं राहून 'घरात कमावतं कोण' असं विचारलं नाही आणि समोरच्याचा चेहरा पाहिला नाही, त्याच्या हाती मी मॉडेल देणार नाही.

दादांची काळजी मात्र बाजूला सारू नका. ती खरी आहे. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदतीचा हात आखडला आणि या क्षेत्राचा कणाच हलला. दुष्काळाचा आगाऊ इशारा देणारी, 1985 पासूनची फ्यूजनेट ही यंत्रणा काही महिने बंद पडली. ओचानं आपले वीस टक्के कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं. इथे करार सहा महिन्यांचे, वर्षाचे असतात, आणि चांगली माणसंही आज काम शोधत आहेत. पण तुम्ही जे शिकाल त्यातलं बरंचसं बँकेला, विमा कंपनीला, सरकारी खात्यालाही हवं आहे. माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये आपल्याकडेही झाला आहे. मी तुमच्या जागी असते तर दादांना सांगितलं असतं, की दोन वर्षं दे, तोवर बँकेच्या परीक्षेचं वय जात नाही.

प्रश्न : मी कोल्हापुरात वकिली करतो. संगणकाचं शिक्षण नाही. या क्षेत्रात वकिलाला जागा आहे का?

उत्तर : आहे, आणि ती रिकामी आहे. 1946 च्या करारामुळे संयुक्त राष्ट्रांना सदस्य देशांत विशेषाधिकार आणि कायदेशीर संरक्षण मिळालेलं आहे. म्हणजे एखाद्या देशाचा माहिती-संरक्षणाचा कायदा त्यांना सहसा तसाच्या तसा लागू होत नाही. त्यांनी स्वतःची धोरणं केली आहेत, उदाहरणार्थ यूएनएचसीआरनं 2015 मध्ये. मग निर्वासिताची माहिती चुकीच्या हाती गेली तर त्यानं दाद कुणाकडे मागायची? हा प्रश्न कायद्याचा आहे आणि अजून सुटलेला नाही. रोजच्या कामातही वकील लागतो. एखादी कंपनी संस्थेला एआय फुकट द्यायला येते, तेव्हा करारातल्या कोणत्या कलमात ती निर्वासितांचा डेटा स्वतःच्या मॉडेलसाठी ठेवून घेते आहे, ते तुम्हीच शोधणार. रेड क्रॉसची डेटा संरक्षणाची पुस्तिका घ्या, तिची तिसरी आवृत्ती 2024 मध्ये निघाली आहे.

प्रश्न : 2021 च्या जुलैमधल्या पुरात आमच्या मित्रमंडळानं चिपळूणला मदत केली. तेव्हा गुगल फॉर्मवर पूरग्रस्तांची नावं, फोन, आधार क्रमांक, बँक खाती असं सगळं घेतलं होतं. तुमच्याकडे या विषयाची चर्चा होणार असं कळलं आणि आठवलं, ती फाइल अजून तशीच पडून आहे. काय करावं?

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मनापासून आनंद झाला. अशा फाइली महाराष्ट्रभर पडून आहेत. आज संध्याकाळीच मंडळातल्या दोघांना घेऊन बसा. आधी त्या फाइलची लिंक कुणालाही उघडता येते का ते पाहा, आणि येत असेल तर तिथल्या तिथे बंद करा. फॉर्म अजून चालू असेल तर तोही. मग वाडीनिहाय बेरजा उतरवून घ्या : किती घरं, किती किट, किती रक्कम. पुढच्या पुरात एवढंच उपयोगी पडेल. देणग्यांच्या हिशेबासाठी ज्या पावत्या ठेवाव्या लागतात त्या खजिनदाराकडे वेगळ्या, कुलपात. बाकी फाइल पुसून टाका, ड्राइव्हच्या कचरापेटीतूनही. त्या वेळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती कुणीकुणी टाकली होती, कुणाच्या लॅपटॉपवर उतरवली होती, आधार कार्डांचे फोटो कुणाच्या फोनच्या गॅलरीत आहेत, हे एकेकाला विचारा. याला वेळ लागेल, कंटाळा येईल, तरी विचारा. आणि यादी पुसण्याआधी तीतले फोन नंबर एकदा वापरा. प्रत्येकाला फोन करून सांगा की तुमची माहिती आमच्याकडे होती, आता आम्ही ती काढून टाकतो आहोत. घर सावरलं का, तेही विचारून घ्या.